फटकळ हवालदाराचा समास

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आता कसा आहे? मामी अजून काढा पाजत असतील तर निमूट प्या. आमच्याकडे सगळे ठणठणीत, फक्त मी तीन दिवस धड जेवलेलो नाही, आणि त्याचं कारण आनंद आहे.

माझा नाद तुम्हाला ठाऊकच आहे: जुन्या शिपायांनी टोपणनावाने लिहिलेल्या आठवणी गोळा करायच्या. (खऱ्या नावाने लिहिणारे जपून लिहितात, टोपणनाववाले साहेबाचीही गय करत नाहीत.) तर परवा रद्दीवाल्याच्या तागडीत, वह्यांच्या गठ्ठ्याखाली, ‘एक फटकळ हवालदार’ यांचं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं पुस्तक सापडलं. ते छातीशी धरून घरी आलो, चष्मा तागडीतच राहिला, म्हणून बायकोचा लावून वाचायला बसलो. हवालदार भलताच शूर. पण समासात बारीक पेन्सिलीने कोणीतरी त्याला जागोजाग पकडलेलं. ‘तोफेवर मी चढलो नव्हतो.’ ‘इथे मी घाबरलो होतो.’ आणि एके ठिकाणी, ‘हे तुला कोणी सांगितलं?’

मामा, मी ताडकन उठलो. पहिल्या पानावर घराचा पत्ता होता, तो शोधत गेलो. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात, हवालदारांची नात. (घर रंगवताना पुस्तक चुकून रद्दीत गेलं होतं.) त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, “हे आजीने लिहिलंय. आजोबा लढाईवरून परत आले ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मग तिनेच मनाने रचलं, छापून घेतलं आणि त्यांच्या उशाशी ठेवून दिलं.”

म्हणजे त्या माणसाने लढाईबद्दल जे काही सांगितलं ते एवढंच, बायकोच्या चुका सुधारता सुधारता. पेन्सिलीचं बाईंना माहीतच नव्हतं. एकेका ओळीवर बोट ठेवत त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या. तिथे लिहिलंय, ‘उरलेलं तोंडी सांगतो.’

“सांगितलं का त्यांनी?” मी विचारलं.

“ते आजीलाच ठाऊक,” म्हणाल्या, आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. ‘दोन दिवसांत परत आणतो’ असं बाईंना सांगून पुस्तक घेऊन आलोय. ते त्यांचं आहे हे मलाही कळतं, पण हातातून सुटत नाही. तुमच्यापुढे माझं काही चालत नाही, तेव्हा रविवारी या आणि माझ्याकडून काढून त्यांना नेऊन द्या.

ता. ता. क. मी दार उघडणार नाही. मागच्या दाराची किल्ली तुमच्या भाचेसुनेकडे आहे. पुस्तक तांदळाच्या डब्यात, तळाशी.