फारकतीचा कागद

१२ जून
पाच दिवसांचं पॅरालीगलचं, म्हणजे गावात कायद्याची माहिती द्यायचं, प्रशिक्षण संपलं. संस्थेनं गळ्यात ओळखपत्र घातलं. आमच्या मुर्री गावात आता सगळे मलाच विचारतील!

३ जुलै
शामकला आली. शाळेतली मैत्रीण, दवनीवाड्याला दिलेली. नवरा योगराज तिला घरातून जा म्हणतो. स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून आणली, दमदाटीनं तिची सही घेतली. खाली नोटरीचा शिक्का. "रविता, तू कायदा शिकली ना. मले आता जावंच लागते का?"
कागद वाचला. कळलं फार नाही, पण शिक्का पाहून म्हटलं — नोटरी झाली म्हणजे फारकत झाली.

५ जुलै
ती माहेरी गेली, केशोरीला. तिची पोरगी योगराजनं ठेवून घेतली.

२२ ऑगस्ट
संस्थेत वकील अल्काताई आल्या. प्रशिक्षणाला पाच दिवस पुरतात का, हे पाहायला. माझ्यासोबत शिकलेल्या सगळ्या म्हणाल्या, पुरतात. मी तर शामकलाचं उदाहरणच दिलं. अभिमानानं.
अल्काताईंनी पेन खाली ठेवलं. "अशा कागदानं लग्न मोडत नाही, रविता. कोर्टात जावं लागतं. तिनं घर सोडायचं कारणच नव्हतं."
"हे शिकवलं नव्हतं, ताई."
"मग सांगितलं काऊन?"
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या खाली पाहून राहिल्या होत्या.

२३ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. आईला काय सांगू?

२६ ऑगस्ट
मी केशोरीला गेली. शामकला धानाच्या बांधीत निंदत होती. शेताच्या धुऱ्यावरूनच सांगितलं — मी चुकीचं बोलली होती.
"म्हणजे पोरीले मी फुकटच सोडून आली?"
हो म्हटलं. ती पुन्हा खाली वाकली. निंदत राहिली. मी उभीच.

१ सप्टेंबर
अल्काताई, शामकला आणि मी दवनीवाड्याला गेलो. योगराजनं दुसरी बायको आणलेली — खुशबू, विशीतली. शामकला कोणाला न विचारता आत गेली, पोरीला कवटाळून बसली. अल्काताईंनी योगराजला सुनावलं, "हे घर तिचंही आहे." दहा दिवसांत पहिल्यांदा जीव थोडा हलका झाला.

२ सप्टेंबर
आज खुशबू माझ्या दारात. एकटीच.
"बाबा लग्नाला तयारच नव्हते, दीदी. ह्यांनी सांगितलं, मुर्रीच्या रवितानं फारकत पक्की म्हटली. तुमच्या शब्दावरच माह्यं लग्न लागलं. आता मी त्या घरात कोण?"