देवीच्या पायाशी ठेवलेल्या हरकती

हर्णे,
२ नोव्हेंबर १९८६

प्रिय दादू,

तुला, वहिनीला आणि पोरांना माझे आशीर्वाद. गणपतीला आला नाहीस, दोन पत्रांना उत्तर नाही. गिरणी बंद पडल्यापासून तुझे काय हाल चाललेत ते मला दिसत नसले तरी कळतात, म्हणून मी रागावले नाही. पण आता रागावण्याइतकाही वेळ उरलेला नाही.

समुद्रकाठच्या आपल्या पुळणीवर दहा मजली इमारत होणार, हे तुझ्या कानावर आलंच असेल. खाली दुकानं, मध्ये हॉटेल, वर मुंबईकरांची घरं. शाळेच्या भिंतीवर तिचं रंगीत चित्र लावलं तेव्हा अख्खा गाव जत्रेसारखा लोटला. वाण्याचं दुकान चालवणारा काशीराम तर चित्रासमोरून हलेना. त्याच्या मुलाला लिफ्टवर नोकरी लागणार म्हणे, आणि लिफ्ट काय असते ते बापलेकांपैकी एकानेही पाहिलेलं नाही! गंगुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मग आमी सोडे काय लिफ्टीनं वर नेऊन वाळवायचे?" लोक हसले. मीही हसले. चित्रात झाडं होती, मोटारी होत्या, छत्री घेतलेली एक बाई होती, पण मासळी कुठे वाळताना दिसत नव्हती. दादू, तिथे आम्ही बेचाळीस बायका बसतो. बांबूवर बोंबील, चटईवर जवळा, हेच आमचं वर्षाचं पोट. दुसरी मोकळी जागा गावाला नाही.

हरकती तीस दिवसांत दापोलीच्या कचेरीत द्यायच्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेली म्हणून कागद मी लिहिला आणि घरोघर फिरून बेचाळीस अंगठे घेतले. पण कचेरीत जाण्याआधी देवीला कौल लावायला नको का? रावजी गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पुळण आमच्याकडेच राहणार असेल तर उजवं दे. आणि उजव्या अंगाचं फूल टपकन खाली पडलं. बायका रडल्या. मी तो कागद देवीच्या पायाशी ठेवला आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे काम आता तिचं. देवीने हो म्हटल्यावर कचेरीत धावायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा. मुंबईला राहून तुला हे वेडेपणाचं वाटेल. आम्हाला त्या दिवशी तसं वाटलं नाही. मुदत संपल्यावर कचेरीतले साहेब गावात आले आणि म्हणाले, एकही हरकत आलेली नाही, म्हणजे गाव राजी आहे. मी धावत देवळात गेले, कागद काढला. त्याला तेल आणि कुंकू लागलं होतं. साहेबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. बायका मला दोष देत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. साहेब जाताना एवढं म्हणाले की आता फक्त जमिनीच्या मालकाचं ऐकलं जाईल. पुळणीतले दोन्ही बाजूंचे तुकडे विकले गेलेत. मधला आपल्या बाबांचा. बाबा गेल्यावर मी तलाठ्यापुढे हक्क सोडला, तुझ्याकडून साडी घेतली आणि आनंदाने घरी आले. बहिणींनी तेच करायचं असतं. त्यामुळे सातबाऱ्यावर तुझं एकट्याचं नाव आहे, आणि मी त्या कचेरीत कोणीच नाही.

पुन्हा आले तेव्हा साहेबांनी चावडीवर जमीन द्यायच्या संमतीचा कागद दाखवला. खाली तुझी सही होती. मी सगळ्यांपुढे ओरडले, ही सही खोटी आहे, माझा दादू असं करणार नाही! देवीची शपथ घेतली. बायकांनी विश्वास ठेवला, गंगुबाईने तर मला पोटाशी धरलं. पण दादू, आई गेल्यावर तुझा हात हातात धरून पाटीवर तुझं नाव मीच गिरवून घेतलंय. 'द'ची शेपटी तू अजून तशीच लांब ओढतोस. पाहताक्षणी ओळखली मी. इमारतवाल्यांनी तुला काय देऊ केलं ते मी विचारत नाही. पोरं उपाशी असतील तर माणूस काय करणार! मला हिस्साही नको. बारा तारखेला सकाळी अकराला दापोलीत सुनावणी आहे, तोवर संमती मागे घेता येते, एवढंच चौकशी करून कळलं. ये आणि मागे घे. तुझ्या पोरांना मी इथे वाढवीन, दोन वेळचं कमी पडू देणार नाही. आणि मागे घ्यायची नसेल तरीही ये. नाहीतर त्या बेचाळीस जणी मला पुढे उभं करतील, आणि मी पुन्हा देवीची खोटी शपथ घेईन, तुझ्यासाठी घेईन. मला खोटं पाडायला का होईना, पण ये.

तुझीच,
मालनअक्का