धुऱ्यावरचा गोटा आणि आमची क्रेन

नांदगाव खंडेश्वर,
पियुषच्या वावरातून, सकाळी

तीर्थस्वरूप खुशालमामा यांना भाचा चंदनचा, वाकून आणि दोन्ही हात लावून, नमस्कार.

इकडे अमरावतीला आईबाबा ठणठणीत आहेत. तुमची खुशाली मामींकडून परवाच कळली, त्यामुळे तुम्हाला विचारायचं काही उरलेलं नाही. तरी रीत म्हणून विचारतो, कसे आहात? अकोल्यात लेकीकडे, प्रणालीताईच्या तिसऱ्या मजल्यावर तुमचा जीव रमत नसणार हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी जिना बंद केला, ताईने मोबाइल बंद केला आणि मामींनी मीठ बंद केलं. म्हणूनच हे पत्र कागदावर लिहून आईच्या डिंकाच्या लाडवांखाली ठेवतो आहे (लाडू ताईसाठी आहेत, पत्र तुमच्यासाठी. अदलाबदल करू नये).

तर मामा, मी सिनेमा काढतो आहे. लहानसाच आहे, पण माझ्या नोकरीपेक्षा मोठा आहे, कारण नोकरी अजून लागायची आहे. गोष्ट साधी: एक मुलगी वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहून कोणाची तरी वाट बघते आणि तो येत नाही (येणारा नट आम्हाला परवडला नाही). मुलगी म्हणजे आचल, कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती. कॅमेरा पियुषचा, वावरही त्याच्याच घरचं. राहता राहिलं कॅमेरा हलवायचं सामान. त्याचं भाडं ऐकून आम्ही दोघं उलट्या पावली घरी आलो. मग ठरवलं की सगळं घरीच बनवायचं. तुषार सिंचनाचे पाइप जमिनीवर टाकून त्यांचे रूळ केले आणि त्यावर प्रवासी बॅगांची चाकं लावलेली फळी सोडली. फवारणीच्या पंपाचे पट्टे छातीला बांधून पियुष कॅमेरा घेऊन धावायला लागला, तर एका काकांनी त्याला थांबवून कपाशीवर कोणतं औषध मारू म्हणून विचारलं. पियुषने सांगितलंही.

आणि मग क्रेन. तिचा मला अभिमान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या जुन्या लोखंडी खाटेचे दोन अँगल जोडून एक लांब दांडा केला. तो मधोमध सायकलच्या हबवर बसवला आणि धर्मपाल वेल्डरने शिव्या देत देत खालचं तीन पायांचं तिकाटणं जोडून दिलं. दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला तोलायला वजन. वजन बरोबर बसलं की कॅमेरा एका बोटाने वरखाली होतो आणि गोल फिरतो. याच वजनासाठी दिवाळीत मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणाला होतात, "धुऱ्यावर ढीग पडला हाये गोट्यांचा, लागन तितके ने, वावर साफ होईन." मी पातूरला जाऊन ढिगाशेजारचा एकच नेला. गुळगुळीत होता, मधे कंबरेसारखी खाच होती, दोरी बांधायला जणू मुद्दाम कोणी केलेली. शेजारी एक लाल खापरीसारखं टरफल पडलं होतं. मी ते मडक्याचं समजून पायाने बाजूला सारलं.

(मामा, ते मडकं नव्हतं हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. बसून घ्या, पाणी प्या, मग पुढे वाचा.)

पहिल्याच दिवशी क्रेन अशी तोलली गेली की आम्ही टाळ्या वाजवल्या. भर दुपार होती. सोयाबीन निघून गेलेलं मोकळं वावर, माणूस नाही, कुत्रं नाही, वाराही नाही. आचल उगवतीकडच्या धुऱ्यावर उभी राहिली, पियुषने कॅमेरा सुरू केला, आणि दांडा हळूच कुरकुरत मावळतीकडे वळला. आम्ही परत फिरवला. तो परत वळला. पियुष म्हणाला जमिनीला उतार आहे. गवंड्याची पाण्याची नळी आणून पाहिली, उतार नव्हता. तिकाटणंच उलटं करून ठेवलं, तरी कॅमेऱ्याचं तोंड मावळतीकडे. बोल्ट आवळले, तर दांडा आवळलेल्या बोल्टासकट किरकिरत फिरला. "बे चंदन, हा कोणाले पाहून राह्यला?" पियुष मला विचारत होता, आणि दिग्दर्शक म्हणून माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. मी म्हणालो, उन्हाने लोखंड फुगतं. आचल म्हणाली, "म्या मेकप कराले दोन घंटे लावले, अन् तुमच्या पिच्चरमदी माया नुसता कान हाये."

घरी जाऊन शॉट पाहिला तेव्हा कानाच्या पलीकडे, पार दूरच्या धुऱ्यावर, एक ठिपका दिसला. पियुषने भिंग पुसलं. दुसऱ्या दुपारी ठिपका तिथेच होता, फक्त थोडा जवळ. त्यानंतर रोज दुपारी आम्ही आचलचा क्लोजअप घ्यायला जायचो आणि ठिपक्याचा घेऊन यायचो. ठिपक्याला खांदे फुटले, मग खांद्यावर दुपट्टा आला. एक माणूस वाकून जमिनीकडे बघत चालत होता. मधेच थांबायचा, एखादा गोटा उचलायचा, फिरवून बघायचा आणि अलगद खाली ठेवायचा. हे सगळं कॅमेऱ्याच्या पडद्यावर. मान वर करून पाहिलं की समोर कोरडं वावर आणि त्यात कोणीही नाही. पियुष त्याला भूत म्हणायला लागला. आचलने तर त्याला "हिरो" असं नावही ठेवलं, कारण आमच्या गोष्टीत अखेर कोणीतरी येत होतं.

परवा तो माणूस पुरता दिसला. तांबड्या अर्ध्या बाह्यांचं स्वेटर. उजवा पाय बाहेर टाकत चालणं. मामा, त्या पायावर बैलाने खूर दिला तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो, ते चालणं मी हजारांत ओळखेन. पाय अनवाणी होते. मी पियुषला काही सांगितलं नाही. लघवीला जातो म्हणून विहिरीमागे गेलो आणि मामींना फोन लावला.

मामी म्हणाल्या, "काय सांगू बाबू, जेवन झालं का थे डोये मिटतेत अन् म्हन्तेत, मी वावरात जाऊन येतो. मंग पांघरुनात पाय हालत राह्यतेत. उठतेत त दम लागला राह्यते, घामानं वल्ले. अन् तयपाय पाह्यले त मातीनं काये! तिसऱ्या माळ्यावर वावर कुठून आलं रे?" शिवाय मामींनी सांगितलं, डॉक्टर म्हणतात की औषध लागू पडायला हवं होतं, पण हे रोज कालच्यापेक्षा जास्त थकलेले असतात. आणि झोपेत एकच विचारतात, रोडग्याच्या नैवेद्याचा दिवस आला, वावरातला देव कुठे गेला?

मामा, मला गोट्याची भीती वाटली नाही. तो बिचारा देव आयुष्यभर तुमच्या वावराची राखण करत आलेला, त्याला आम्ही कॅमेऱ्याच्या मागे टांगला, तर तो मावळतीला, पातूरच्या आपल्या वावराकडे बघणारच. दरवर्षी तूर निघायच्या आधी तुम्ही त्याला रोडगे देता आणि मी आयते खातो, पण शेंदराचं कवच गळून पडल्यावर मला तो ओळखता आला नाही. मला भीती तुमची वाटली. गॅलरीपर्यंत जायची परवानगी नसलेला माणूस पातूरहून नांदगावपर्यंत गोटे उलटत चालत आला आहे. एवढं अंतर परत चालायचा दम तुमच्यात नाही, आणि मला तुम्ही हवे आहात. हे तोंडावर कधी म्हणालो नसतो.

तेव्हा आज गोटा क्रेनवरून सोडतो, वाटेत अकोल्याला हा लाडवांचा डबा देतो आणि पातूरला त्याच्या जागी बसवतो. शेंदूर घेतला आहे. कवच शोधून देतो. सिनेमाचं पुढे बघू. मामींना नमस्कार, ताईला लाडू.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे),
चंदन

ता. क. एक विनंती. आज दुपारी जेवल्यावर झोपू नका. मामींशी पत्ते खेळा, भांडा, काहीही करा, पण वावरात निघू नका. आणि निघणारच असाल तर पायात चपला घाला, इकडच्या धुऱ्यावर बाभळीचे काटे फार आहेत.

दुसरा ता. क. पत्र डब्यात ठेवून पुन्हा काढलं. गोटा पियुषच्या मालवाहू गाडीत चढवला. आचल म्हणाली, आता तरी माझा एक शॉट घ्या. म्हणून क्रेनला रेतीचं पोतं बांधलं. दुपार झाली होती. दांडा जागचा हलला नाही, आचल मधोमध छान आली. पडद्यावर तिच्या मागे गाडी दिसत होती, आणि गाडीपाशी तुम्ही. गोट्यावरची धूळ दुपट्ट्याने पुसलीत, त्याच्या खाचेत हात ठेवलात आणि धापा टाकत चाकाला टेकून बसलात. म्हणजे पत्त्यांची विनंती तुमच्यापर्यंत वेळेत पोचली नाही.

तिसरा ता. क. तर आता असं करतो. पियुष गाडी चालवेल, मी मागे गोटा धरून बसतो. समोरची खिडकीकडची जागा रिकामी ठेवली आहे. आचलला अकोल्यापर्यंत यायचं होतं, तिला नाही म्हणालो (सिनेमाची हिरोईन बहुधा गेली). पियुष कारण विचारतोय. त्याला सांगितलं, तिथे डबा राहील. तुम्ही डबा मांडीवर घेऊन बसा, वाटेत पत्र वाचलंत तरी चालेल. गाडी हळू न्यायला सांगितली आहे. ताईच्या दाराशी थांबलो की उतरा आणि जिना सावकाश चढा, मधे थांबत. वर गेलात की पांघरुणात शिरून जागे व्हा, आणि पूर्वी वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा तशा आवाजात मामींना चहा मागा. आम्ही खाली गाडीतच बसून आहोत. तो आवाज आल्याशिवाय पातूरला निघणार नाही.