तिसऱ्या फोननंतरचा शिक्का

३ फेब्रुवारी, सोमवार
रुजू झाले! प्रसूती रुग्णालयाचा संशोधन विभाग, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल आणि न करकरणारी खुर्ची. पाचवा महिना लागलेल्या बाईला आणखी काय हवं? ताईचं पालुपद होतं, या अवस्थेत तुला नोकरी कोण देणार. दिली की!

इथे एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे. ज्यांची बाळंतपणं दिवस भरायच्या आतच होतात, त्या बायकांसाठी ही गोळी. माझी पहिली लेक सहाव्या महिन्यातच जन्मली आणि गेली. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांनी गोळीचं नाव काढलं आणि मी सही करून मोकळी झाले. माझा क्रमांक दोनशे बारा. कालपासून पोटात बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी हलतंय. ताई म्हणते, गॅस असेल. तिला काय कळतंय डोंबल!

५ फेब्रुवारी, बुधवार
काम सोपं आहे. तपासणीला न आलेल्या बाईला तीन दिवसांत तीन फोन जातात, रोज चार वाजता. फोन होतात टोकाच्या खोलीतून, माझ्याकडे फक्त वही येते. तिन्ही खान्यांत ‘उत्तर नाही’ लिहिलेलं असलं की त्या फाइलवर मी जांभळा शिक्का मारायचा: संपर्क तुटला. मग ती बाई निकालातून वजा. आज एकेचाळीस शिक्के मारले. मोठे डॉक्टर म्हणाले, हात सफाईदार आहे तुमचा. मी आपली फुगले.

टोकाच्या खोलीत कोण बसतं, असं सफाईच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी तिथे केर काढत नाही, आणि माझ्या चपलांचं कौतुक करायला लागल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज निळ्या स्वेटरमधली एक बाई आली. सातवा महिना असावा. खाली बाकावर बसली होती, तर दुसऱ्या एकीने खुशाल तिच्या मांडीवर पिशवी ठेवली. काउंटरवरची मुलगी तिच्या तोंडासमोर जांभई देत राहिली. मग ती जिना चढून माझ्याकडे आली आणि क्रमांक सांगितला: एकशे त्रेसष्ट. मीच शिक्का मारलेला.

गोळी सुरू केल्यापासून बाळाची हालचाल कमी झाली, हे सांगायला ती दोनदा आली होती म्हणे. मी म्हटलं, तुम्ही फोन उचलला नाहीत. तिने हातातला फोन माझ्यापुढे धरला.

“फोन हातात घेऊन बसते हो मी. वाजतच नाही. आणि बुधवारपासून नवरा मलाच विचारतोय, तुम्ही कोण.”

तिची फाइल काढली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: हालचाल कमी, तक्रार. मग उरलेल्या चाळीसही काढल्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर तेच. माझ्या सफाईदार हाताची मला किळस आली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, संपर्क तुटलेली बाई अभ्यासात नसते, मग तक्रार कुणाची? माझी आजची गोळी त्यांनी स्वतः आणून दिली आणि मी पाणी पिईपर्यंत समोर उभे राहिले. मी ती गालात धरली आणि बेसिनमध्ये थुंकले.

आठवडाभर मात्र निमूट गिळलीच होती. शुक्रवारपासून बाळ हललेलं नाही. खालच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर ठोके आहेत, पण मंद. मला भीती वाटते. भीतीपेक्षा राग जास्त येतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
एकशे त्रेसष्टच्या शिक्क्यावर लाल पेनने काट मारली आणि लिहिलं: आली होती. बोलली. बाळाची हालचाल कमी.

पाच मिनिटांत खाली गलका झाला. काउंटरवरची मुलगी निळ्या स्वेटरवालीला खुर्ची देत होती, कधीपासून उभ्या आहात म्हणून विचारत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं. नवरा धावत आला, रडत होता.

म्हणजे लिहिलं की परत येतात. मग मी कशाला कुणाच्या बापाला घाबरू? संध्याकाळपर्यंत सगळ्या एकेचाळीस केल्या. शिक्का संडासात टाकून पाणी सोडलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी माझ्या टेबलावर वही. क्रमांक दोनशे बारा, माझाच. पहिला खाना, कालची तारीख — उत्तर नाही.

फोन दिवसभर माझ्या हातात होता.

चार वाजता दुसरा खाना भरला. माझ्या डोळ्यांदेखत. आजूबाजूला कुणी नव्हतं.

ताईला फोन केला. माझं नाव आठवायला तिला वेळ लागला. ताईला! तिनेच ठेवलंय ते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार
काउंटरवरची मुलगी माझ्या आरपार बघत मागच्यांशी बोलते. मावशींची बादली माझ्या पायावर आदळली, त्या दचकल्या, हवेतच बघत राहिल्या. मग किल्ल्यांचा जुडगा तिथेच खाली ठेवून गेल्या. मुद्दाम ठेवला. ठेवलाच असणार.

आता शिक्काच नाही, मग तिसऱ्या खान्यानंतर माझं काय होणार? की पुसून टाकायला शिक्का लागतच नाही —

पळून जाता येईल. पण उद्या या टेबलावर दुसरी बसेल, तिचाही हात सफाईदार असेल. नाही जात.

साडेतीन
मावशींच्या किल्लीने टोकाची खोली उघडली. खुर्ची नाही. फोन आहे, त्याला वायर नाही. वही उघडी. लाल पेनने माझ्या क्रमांकापुढे लिहू पाहिलं, शाई कागदाला लागत नाही. या रोजनिशीत लागते. म्हणून रोजनिशीच वहीवर ठेवलीये —

चार
अक्षर उमटतंय. खालून वर, रोजनिशीच्या पानातून — उ — त्त — मी हात ठेवलाय त्यावर. थंड आहे. बोटांवर उमटतंय, उमटू दे, हात काढणार नाही —

मी इथे आहे. ऐकतेस का, जी कुणी आहेस ती — की जो कुणी आहेस तो — मी इथेच —

हललं. पोटात. आत्ता, जोरात, लाथच मारली —

लिहून ठेवते. चार वाजून दोन मिनिटं. क्रमांक दोनशे बारा. बाळ हललं. आईने उत्तर दि