रविवारचा खण

ताई,

रजा संपली, निघते. तुम्ही आंघोळीला गेलात म्हणून चिठ्ठी.

आजाराचं निदान झाल्यावर यांना तुमच्याकडे आणलं, ते हॉस्पिटल तुमच्या घरासमोर आहे म्हणून. एवढंच कारण आहे, असं मी स्वतःला रोज बजावते. घरी एका गोळीसाठी मला तीनदा ओरडावं लागायचं. इथे तुम्ही नुसता हात पुढे केलात की तोंड उघडतात. काल तर तुमच्या विनोदावर पोट धरून हसले. तो विनोद तुम्हाला मीच सांगितला होता.

डबीत सोमवार ते शनिवारच्या गोळ्या भरल्यात. रविवारचा खण रिकामा दिसेल, शोधत बसू नका. त्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. शनिवारी संध्याकाळी पोचते. रविवारी मीच देणार, तीनदा ओरडून.

तुमची भावजय