सासूबाईंचा लाळ गाळणारा मका

तीर्थरूप एलेउतेरिओदादास,

धाकट्या फिदेन्सियोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना विचारलं म्हणून सांग, आणि खेचरालाही (तुमच्यात सध्या बोलणं असेल तर). आम्ही इथे मिहे डोंगरात धुक्यासकट खुशाल आहोत.

लग्नानंतर इथे राहायला येताना बाबांच्या मक्याचं बी मी उराशी धरून आणलं, हे तू पाहिलंसच. सासूबाईंनी, म्हणजे ओनोरिनाबाईंनी, निम्मं शेत दिलं आणि विचारलं, "खत काय घालणार, जावईबापू?" मी म्हटलं, "तुम्ही काय घालता?" "काही नाही." "मग मीही नाही!" (इथे माझी बायको उठून आत गेली. तिला पुढचं दिसलं असावं.)

माती तीच, पाऊस तोच. त्यांचा मका छपराच्या वर गेला, माझा कमरेपाशी पिवळा पडून थांबला. त्यांच्या खोडांना मात्र वरपर्यंत लाल बोटांसारखी मुळं फुटलेली, हवेतच लोंबणारी, आणि त्यांतून बुळबुळीत लाळ गळतेय. मी धावत जाऊन सांगितलं, "सासूबाई, तुमच्या मक्याला सर्दी झालीय!" बाईंच्या हातातलं आतोले, म्हणजे मक्याची गरम पेज, हिंदकळून सांडलं, इतक्या त्या हसल्या. मग म्हणाल्या की ती लाळ गोड असते, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, लाळेवर जगतात आणि हवेतलं खत ओढून मक्याला देतात. (शेतकी कॉलेजची मंडळी भिंगातून बघून गेली आहेत म्हणे.)

आता मला सुचायचं ते सुचलं. वाडगाभर लाळ गोळा करून बाबांच्या मक्याला फासली. दुपारपर्यंत मुंग्या आल्या, मग गांधीलमाशा, मग शेजारीपाजारी. मका जिथल्या तिथे. सासूबाई म्हणाल्या, "अहो, लाळेतले ते न दिसणारे पाहुणे आणलेत, पण त्यांना रोज जेवू कोण घालणार? लाळ गाळणं बियाण्याच्या रक्तात असावं लागतं. तुमच्याकडच्या मक्याच्या ते नाही."

दादा, हसू नकोस. बाबांचं नाव या डोंगरात माझ्या हातून बुडालं, असं वाटून मला घास जाईना. शेवटी बोटाएवढी कणसं टोपलीत भरली आणि कोंबड्यांकडे निघालो. सासूबाईंनी टोपली हिसकावली, दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवले, दळले आणि तोर्तिया थापल्या. चळत बघता बघता संपली. मग बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना खायचं कळत होतं." मी ढग बघायला बाहेर गेलो.

पुढच्या वर्षी शेतात सगळीकडे त्यांचाच मका. बाबांच्या मक्याला परसातली शेणखताची जागा बाईंनी स्वतः खणून दिली आहे. मी सुखात आहे.

तुझा,
फिदेन्सियो

ता. क. त्या जेवणात बियाण्याची कणसंही संपली. बाबांचं दोन ओंजळी बी लगेच पाठव.

आणखी ता. क. सासूबाईंनी पत्र वाचून घेतलं. त्या म्हणतात, दोन ओंजळींत पेरणी होईल, जेवण होणार नाही. पोतं पाठव.