एका वाडग्यातले दोघे

मोन्सोनच्या गढीखालून
संत मार्टिनच्या सणाआधीचा शनिवार, सन १३१३

भाऊ गाल्सेरान यांस ओरिया आजीचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुम्हीही खुशाल असाल. खरं तर तुला 'तू'च म्हणते. पोपसाहेबांनी तुमचा लढवय्या साधूंचा टेम्पलर संघच मोडला, आता अहो-जाहो कशाला?

माझा नातू घरी आला रे! बेल्त्रान अकरा वर्षं तुझ्याजवळ होता, आधी संघाच्या तबेल्यात, मग कैदेत. आता माझ्या चुलीपाशी बसतो. मी गावभर सांगत सुटले. शेजारीण म्हणाली, "आजी, किती वेळा सांगशील?" म्हटलं, "तुझे कान झिजतात का गं?"

माझ्या लहानपणी तुमचे लाल क्रूसाचे स्वार गढीवरून उतरले की राजाचे कारभारीसुद्धा रस्ता सोडायचे. त्याच गढीला राजाने वेढा घातला! मला ही चार अक्षरं तुमच्याच पाद्र्याने शिकवलेली, म्हणून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. पोरगं सुटलं ना.

सुटलं कुठलं! पहिल्याच जेवणाला हरभऱ्याचं कालवण केलं. त्याने अर्धं खाल्लं आणि वाडगा पलीकडे सरकवला. पलीकडे कोणीच नाही.

"आवडलं नाही का रे?"

"आमच्यात दोघांना एक वाडगा असतो, आजी. हे गाल्सेरानचं."

तो गेल्यापासून मी एकटी जेवतेय, माझा वाटा कोणी काढला? तुझं कालवण मी मांजरीला घातलं. राग आला तर येऊ दे.

झोपतोही तुमच्या संघातल्यासारखा, रात्रभर दिवा तेवत ठेवून. तेल काय फुकट येतं?

मग तो खेचरवाला तुझा निरोप घेऊन आला, की समुद्राकाठच्या मठात तुझ्या शेजारी जागा आहे, ये. आणि बेल्त्रान हसला! मी कोंबडी कापली तेव्हा नाही हसला. आणि आज बघते तर जोड्यांना नवे तळ.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही गं. झिजले होते."

खोटं बोलायला तूच शिकवलंस ना?

मी अडवलं तर थांबेल तो. पण दाराकडे बघत बसलेला नातू घेऊन काय करू? म्हणून, त्याने बोचकं बांधायच्या आत तूच ये. माळ्यावर जागा आहे. मठात सांग, म्हातारी आजारी आहे. मी चांगली धडधाकट आहे, पण तू सांग.

तू मला आवडशीलच असं मात्र नाही.

तुझी अजून कोणीच नाही,
बेल्त्रानची आजी
ओरिया